पुरातन पॅरिशमध्ये नांदायला जाणाऱ्यांस काही सूचना

लंडनच्या धकाधकीला विटून इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स टेकड्यांमधल्या एखाद्या चिमुकल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चभोवती वसलेल्या गावात, घर घ्यायचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. मधाळ रंगाचे चुनखडी दगड, नॉर्मन काळातले चर्च, 1086 च्या डोम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या गावोगावच्या मोजणीच्या वहीत, नोंदलेले गावाचे नाव आणि दारावर चढवलेला गुलाब हे सगळे एका जागी मिळत असताना बस केव्हा येते हे आपण विचारले नाही, यातच आपली अभिरुची दिसून येते. सात वर्षे इथे नांदलो असल्यामुळे चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

बस मंगळवारी येते. आजारी पडायचे ते मंगळवारीच पडावे.

चर्चच्या घंटांविषयी तक्रार करू नये. त्या आपल्या आधीपासून इथे आहेत.

चौकातल्या लाल टेलिफोन बूथमध्ये फोन शोधू नये. गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी 1935 साली रेखाटलेल्या त्या देखण्या पेटीत आता बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र ठेवले आहे. घराच्या दुरुस्तीचा अर्ज करण्यापूर्वी ते कसे उघडते एवढे पाहून ठेवावे.

आता खिडकीविषयी. 1700 पूर्वीची, मूळ रूपाच्या जवळपास उभी असलेली बहुतेक सगळीच घरे वारसा यादीत असतात, आणि यादीत फक्त दर्शनी भिंत येते असे समजू नये. आतला जिना, दारे, छताच्या तुळया, सगळे काही तिच्यात येते. माझ्या झोपायच्या खोलीतली ओकची चौकट गेल्या हिवाळ्यात इतकी कुजली की बाहेरचे हवामान मला उशीवरच कळू लागले. वाईला आमच्या वाड्याची खिडकी सुताराने दोन चहांच्या मधल्या वेळात उतरवून पुन्हा बसवली होती, ही आठवण अशा वेळी मनात आणू नये. इथे परवानगीवाचून वारसा घरात फेरफार करणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (तुरुंगातल्या खिडक्या नीट लागत असाव्यात, असा माझा अंदाज आहे.) म्हणून मी रीतसर अर्ज केला. चौकटीच्या आडव्या-उभ्या छेदांचे नकाशे काढून घेतले, त्या कुजक्या लाकडाचे ऐतिहासिक महत्त्व विशद करणारा निबंध पैसे देऊन लिहून घेतला, आणि पातळ दुहेरी काच बसवू द्यावी अशी विनंती केली. आठ आठवड्यांत मिळायचा निकाल पाच महिन्यांनी मिळाला, तोही नकार. दुहेरी काचेतले प्रतिबिंब गल्लीच्या स्वरूपाला बाधक ठरेल, असे त्यात नमूद होते. हे वाक्य अधिकाऱ्यांना स्वतःहून सुचले नव्हते. ते समोरच्या घरमालकांच्या हरकतीतून शब्दशः उचललेले होते, आणि त्या घराच्या स्वतःच्या खिडक्या वर्षातले दहा महिने बंद असतात! त्यांना माझे प्रतिबिंब दिसले कधी? आहे तीच चौकट डागडुजी करून ठेवायची म्हटले, तर त्या कामावर 20 टक्के व्हॅट. एखाद्याने मोकळ्या रानात नवे कोरे घर बांधले, तर त्यावर शून्य. जुने जपा म्हणायचे आणि जपणाऱ्याकडून दंड घ्यायचा, असा हा व्यवहार आहे.

पॅरिश कौन्सिलकडे दाद मागावी, असे आपल्याला वाटेल. अवश्य मागावी. 1894 च्या कायद्याने जन्माला आलेली ही आपल्या ग्रामपंचायतीची इंग्रज बहीण बांधकामाच्या अर्जावर मत देते आणि निर्णय वरची कौन्सिल घेते. दरम्यान बाकाला रंग कोणता द्यावा, यावर चर्चा होऊ शकते.

याच कौन्सिलच्या गेल्या सभेत एका शेतकऱ्याच्या बांधालगत आठ छोटी घरे बांधण्याचा प्रस्ताव आला होता. ती बाजारभावापेक्षा स्वस्त आणि फक्त इथे वाढलेल्या किंवा इथे काम करणाऱ्या माणसांसाठी होती. त्याविरुद्ध एकतीस पत्रे आली. मी मोजली. गावाचे स्वरूप, गावाची शांतता, टेकडीवरून दिसणारा देखावा, असे शब्द त्यांत होते, आणि निम्म्याहून अधिक पत्रांवर लंडनचा पत्ता होता.

आता सूचना पुरे. अहो, शनिवारी येऊन रविवारी जाणारे गृहस्थहो, हे स्वरूप कोणासाठी जपता आहात? मुलेच उरली नाहीत म्हणून शाळा गेली, गिऱ्हाईक उरले नाही म्हणून दुकान गेले, उतारू नाहीत म्हणून बस मंगळवारपुरती उरली. डोम्सडे बुकातसुद्धा गावाची नोंद करताना माणसे मोजली होती, आणि नांगरही. देखावा कोणी मोजला नव्हता. तुमच्या घराचे छत शाकारणारा कारागीर रोज चाळीस मैल गाडी हाकत येतो, कारण ज्या गावात त्याचा बाप जन्मला तिथे त्याला भाड्याचीही खोली परवडत नाही. एप्रिल 2025 पासून सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, लावण्याची मुभा कौन्सिलांना मिळाली, तेव्हा तुम्ही केवढी हळहळ केलीत! त्या आठ घरांसाठी एक ओळ तरी लिहिलीत का?

तो प्रस्ताव पुढच्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला पुन्हा सभेपुढे येणार आहे. हरकत घ्यायचीच असेल तर पत्र धाडू नका. स्वतः या, सभागृहात त्या कारागिराच्या शेजारी बसा आणि त्याच्या तोंडावर सांगा.