हसा, घंटा झाली!

कॉन्व्हेंटमध्ये न बोलणं अवघड असतं असा बाहेर मोठा गैरसमज आहे. पालकसभेला आलेल्या आया मला हटकून विचारतात, "सिस्टर, तुम्ही रात्री एकमेकींशी बोलत नाही म्हणे? कसं जमतं हो?" अहो, दिवसभर सातवी 'ब'ला इतिहास शिकवून आलेल्या बाईला गप्प बस म्हणणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं. अवघड आहे ते रात्री साडेआठची घंटा झाल्यावर बोलणं. आनंदाने बोलायचं, सगळ्यांशी बोलायचं, शाळेबद्दल बोलायचं नाही, आणि सव्वानऊची घंटा झाली की वाक्य जिथे असेल तिथे मोडून उठायचं. या पाऊण तासाला आम्ही रिक्रिएशन म्हणतो. ते प्रार्थनेइतकंच सक्तीचं. फक्त प्रार्थनेला डोळे मिटून बसता येतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये कामांची वाटणी झाली. कुणाकडे देवघर, कुणाकडे बाग, कुणाकडे कोंबड्या. माझ्या नावापुढे मदरनी, म्हणजे आमच्या घराच्या प्रमुखांनी, लिहिलं होतं, रिक्रिएशन. "तुम्ही वसईच्या. तुमच्याकडे लग्नात आठवडाभर गाणी चालतात. तुम्हाला काय कठीण?" असं त्या म्हणाल्या. मी वसईची आहे हे खरं, पण आमच्या घरात गाणारी माझी आत्या होती. मी भांडी घासायचे. मला मनापासून कोंबड्या हव्या होत्या. कोंबडीला "आज आनंदात आहेस ना?" असं विचारावं लागत नाही. ती अंडं देऊन मोकळी होते.

आम्ही नऊ जणी आहोत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा आणि दवाखाना आहे. केरळच्या तिघी, मंगळुरूच्या एक, गोव्याच्या एक, झारखंडच्या दोघी, एक नगरच्या आणि मी. साडेआठला सगळ्या हॉलमध्ये जमतात. दवाखान्याच्या सिस्टर बसल्या बसल्या आजच्या गळवाची हकिगत सुरू करतात. किती मोठं होतं ते बोटांनी दाखवतातही. हेडमिस्ट्रेस "शाळेबद्दल बोलायचं नाही, पण एकच सांगते" असं म्हणतात आणि संचमान्यता, यू-डायस, पोषण आहाराचा तांदूळ असं सगळं सांगतात. धाकटीचा हात झग्याच्या खिशातल्या मोबाईलवर असतो. आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आमच्या थोरल्या सिस्टर. वय पंच्याऐंशी. त्या बरोबर साडेआठला येतात, चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि आठ पस्तीसला घोरायला लागतात. रात्री बारा वाजता त्यांच्या खोलीतला दिवा चालूच दिसतो, पण हॉलमध्ये त्यांना जी झोप लागते ती अढळ असते. आम्ही फटाके सोडून पाहिलेले नाहीत, एवढंच.

ही सक्ती कुणी आणली म्हणाल, तर आविलाच्या संत तेरेजाने. आम्ही तिच्या संस्थेतल्या नाही, पण तिची सावली सगळ्यांवरच पडली आहे. १५६२ मध्ये स्पेनमधल्या आविला इथे तिने आपला पहिला मठ काढला. भिंती उंच, जाळ्या लोखंडी, मांस वर्ज्य, पायात साध्या दोरीच्या वहाणा. आणि एवढ्या कडक घरात तिने नियम घालून दिला की जेवणानंतर सगळ्यांनी एकत्र बसून आवडेल ते बोलायचं. हातात मात्र सूतकताईचं सामान हवं. खेळांना सक्त मनाई, कारण बाकीच्यांचं मन रमवण्याची कृपा देव कुणाला ना कुणाला देईलच, असं तिने त्या नियमावलीतच लिहून ठेवलं. या एका वाक्यावर मी वर्षभर चिंतन करते आहे. आमच्या घरात देवाने ती कृपा नक्की कुणाला दिली, हे त्याने मदरना कळवलेलं दिसत नाही.

बरं, ही बाई एवढ्यावर थांबली नाही. क्रुसाचा संत योहान, आत्म्याच्या काळोख्या रात्रीवर कविता लिहिणारा, तपस्वी, बुटका, गंभीर माणूस. त्यालाही तिने सोडलं नाही. १५६८ मध्ये वायादोलिदचा मठ उभा राहत होता तेव्हा तिने त्याला आपल्या घराची रीत समजावून सांगितली, आणि त्यात रिक्रिएशनसुद्धा होतं. पुढे लिहिताना ती म्हणते की आमचं रिक्रिएशन बेताचंच असतं. नियमाचा कडकपणा सोसायला थोडा विसावा मिळतो, आणि बहिणींचे दोष कळून येतात. हे दुसरं कारण मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. आमच्याकडे लुडो खेळून झाल्यावर एकेकीचे जे दोष कळून येतात, ते आठवडाभराच्या आत्मपरीक्षणात सापडत नाहीत. नाव घेत नाही, पण एका सिस्टरांची लाल सोंगटी घरात शिरता शिरता मारली गेली, तर दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं.

सूतकताई आमच्याकडे उरलेली नाही. तिची जागा क्रोशाने घेतली, आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांनी. मांडीवर रुमाल, रुमालाखाली सहामाहीचा गठ्ठा. मदर वळल्या की रुमाल पसरायचा. थोरल्या सिस्टर जाग्या असल्या की सांगतात, पूर्वी हे चालायचं नाही. व्हॅटिकनची दुसरी धर्मसभा होईपर्यंत त्यांच्या घरी रिक्रिएशनलासुद्धा व्रत घेतल्याच्या क्रमाने बसावं लागे. ज्येष्ठ मदरच्या उजवीकडे, नवख्या दाराशी. म्हणजे ज्या दोन बायकांनी एकाच वर्षी व्रतं घेतली त्यांनी जन्मभर एकमेकींचेच विनोद ऐकायचे. १९६५ मध्ये त्याच सभेतून संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाचा हुकूम निघाला आणि पुढे हळूहळू कुणी कुठेही बसायची मुभा झाली. आता आम्ही कुठेही बसतो. म्हणजे रोज त्याच जागेवर. गोव्याच्या सिस्टरांच्या खुर्चीवर एकदा पाहुण्या सिस्टर बसल्या, तर त्या पाऊण तास उभ्या राहिल्या, "नाही नाही, मला उभं राहायलाच आवडतं" म्हणत.

तेरेजाने खेळ बंद केले, पण आमच्या संस्थेने हाऊजी (तंबोला) वाचवली. आमची हाऊजी भाविक आहे. आकडा नुसता पुकारायचा नसतो. सात म्हणजे सात संस्कार. बारा, प्रेषित. चौदा, क्रुसाच्या वाटेची स्थानकं. तीस, येशूला विकणाऱ्या यहूदाची चांदीची नाणी, यावर सगळ्यांनी एकदम "शी!" म्हणायचं. तेहतीस, प्रभूचं वय. चाळीस, उपवासकाळ, यावर दीर्घ उसासा. अडचण येते ती अठ्ठ्याहत्तरसारख्या आकड्यांना. बायबलने त्यांच्यासाठी काही केलेलं नाही. मी एकदा "अठ्ठ्याहत्तर, सातवी 'ब'चा पट" असं पुकारलं, तर मदरनी शाळेबद्दल बोलल्याची नोंद घेतली.

बक्षीस चंदनाच्या साबणाची वडी. फुल हाऊस होतं, टाळ्या होतात, जिंकणारी वडी हुंगते आणि मदरच्या हातात देते, कारण दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या बाईची स्वतःची अशी वस्तू नसते. मिळालेलं सगळं घराचं. मदर ती बक्षिसांच्या कपाटात ठेवतात. पुढच्या महिन्यात मी तीच बाहेर काढते. ही वडी घरातल्या प्रत्येकीने जिंकलेली आहे. वास आता फक्त वेष्टनाला येतो. मंगळुरूच्या सिस्टरांनी एकदा ती जिंकल्या रात्रीच वापरायला घेतली, तर बेकायदा काही घडल्यासारखी शांतता पसरली.

गाण्यांचं म्हणाल तर अंताक्षरी 'न'वर अडकते. सगळी भजनं येशूवर सुरू होतात आणि आमेनवर संपतात, तेव्हा पुढच्या गटाला नेहमी 'न'. गोव्याच्या सिस्टरांनी मांडो, म्हणजे तिकडचं संथ कोंकणी गाणं, धरला की तो संपायच्या आत सव्वानऊ वाजतात. त्यात विरह फार असतो आणि विरहाला घाई करता येत नाही. एकट्या झारखंडच्या दोघी उठल्या की माझं काम संपतं. त्या हाताची साखळी करून पाय टाकायला लागतात आणि हेडमिस्ट्रेससुद्धा रांगेत शिरतात. पण त्या रोज उठत नाहीत. उठवायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

सण आला की हे सगळं दुपटीने. आमच्याकडे जेवताना वाचन चालतं, आपण मुकाट्याने जेवायचं. सणाला मदर ताटाशेजारची छोटी घंटी वाजवून बोलायची मोकळीक देतात. जुन्या काळी त्या लॅटिनमध्ये "बेनेदिकामुस दोमिनो" म्हणत आणि सगळ्या "देओ ग्रात्सियास" असं ओरडत, असं थोरल्या सिस्टर सांगतात. देवाचे आभार इतक्या कळकळीने एरवी कुणी मानले नसतील. पण सणांना दर्जे आहेत. पहिल्या दर्जाला घंटी, चिकन, केक. दुसऱ्या दर्जाला घंटी आणि शिरा. बाकीच्यांना वाचन. माझ्या वसईचा एक संत आहे, गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, १८६२ मध्ये संत झाला. फेब्रुवारीत त्याचा दिवस येतो तेव्हा मी आठवडाभर आधीपासून मदरच्या कानावर घालत असते. यंदा त्यांनी विचार करून निर्णय दिला: शिरा, पण घंटी नाही. म्हणून मी माझ्या गाववाल्याच्या सन्मानार्थ शिरा गिळत त्याला दोन्ही कुशींत भाले कसे मारले ते ऐकलं.

वाढदिवसाला आणि नावाच्या संताच्या दिवशी भेट द्यावी लागते. पैसे नसतात, म्हणून आम्ही प्रार्थना देतो. कार्डावर फुलं चिकटवायची (फुलं गेल्या वर्षीच्या कार्डावरून कापलेली) आणि खाली हिशेब: जपमाळा पंचवीस, मिस्सा पाच, छोटे त्याग चाळीस. याला स्पिरिच्युअल बुके म्हणतात. लिहिताना हात सैल सुटतो. नऊ जणींचे वाढदिवस, नऊ जणींचे संत, मदरचं फेस्त (सण), एकीची रौप्यमहोत्सवी ज्युबिली. माझ्यावर सध्या इतक्या जपमाळा थकल्या आहेत की शेतकऱ्यांसारखी कर्जमाफी झाली तरच सुटका. 'छोटे त्याग' या खात्यात मी रिक्रिएशनची प्रत्येक संध्याकाळ टाकते. वसुली करायला कुणी येत नाही, कारण प्रत्येकीचं खातं असंच आहे.

मदरच्या फेस्ताला नाटक हवंच. इथे दोष फ्रान्समधल्या लिझ्यूच्या तेरेजाचा, ही दुसरी तेरेजा. जिच्या 'लिटल फ्लॉवर' या नावाची शाळा तुमच्याही गावाजवळ असेल, तीच. पंधराव्या वर्षी, १८८८ मध्ये मठात आली, नकला फर्मास करायची, आणि तिने रिक्रिएशनसाठी आठ नाटकुली लिहिली. २१ जानेवारी १८९५ ला मदरच्या फेस्ताला, जिवंत जाळल्या गेलेल्या जोन ऑफ आर्कचं नाटक झालं. जोन ती स्वतः, डोक्याला विग, हातात तलवार. चितेचा प्रसंग खरा वाटावा म्हणून स्पिरिटचे दिवे लावले होते. पडदे पेटले. मदरनी हुकूम सोडला की तेरेजाने जागचं हलायचं नाही, आम्ही विझवतो. ती हलली नाही. त्या मदर तिच्या सख्ख्या थोरल्या बहीण होत्या, हे वाचून मला माझी थोरली बहीण आठवली आणि पटलं.

आम्ही आग टाळतो. आमची अडचण कपड्यांची. पेटी शाळेच्या स्नेहसंमेलनाची आहे, त्यात फक्त शिवकाल. त्यामुळे आमच्या नाटकात बाळ येशूला भेटायला आलेले मागी राजे जिरेटोप घालून येतात, मेंढपाळ मावळ्यांच्या वेशात असतात आणि हेरोद राजाच्या मिशा अफजलखानाच्या. नगरच्या सिस्टर हेरोद झाल्या होत्या. संवाद विसरल्यावर त्यांनी "दगा! दगा!" असं ओरडून प्रवेश संपवला. मदरना तेवढंच आवडलं.

आणि मग २८ डिसेंबर, त्याच हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण. या दिवशी घरातली सगळ्यात धाकटी मदर होते, ही जुनी रीत बऱ्याच कॉन्व्हेंटांत आहे. आमच्याकडे ती झारखंडची बावीस वर्षांची मुलगी. सकाळी मदरनी तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला आणि स्वतः चहा वाढायला उभ्या राहिल्या. पोरीने हुकूम सोडायला सुरुवात केली. हेडमिस्ट्रेसनी 'मी एकच सांगते असं म्हणणार नाही' हे फळ्यावर पन्नास वेळा लिहायचं. दवाखान्याच्या सिस्टरांनी शरीराच्या कुठल्याही अवयवाचं नाव घ्यायचं नाही. मांडोचं एकच कडवं. चंदनाच्या साबणाला निवृत्ती, तो हात धुवायच्या बेसिनवर ठेवण्यात यावा. मी कौतुकाने बघत होते. इतकं शासन मला वर्षभरात जमलं नव्हतं.

साडेआठला घंटा झाली. सगळ्या जमल्या. धाकटी मदरच्या खुर्चीवर बसली, किल्ल्या खुळखुळवल्या आणि म्हणाली, "आज रिक्रिएशन रद्द. सगळ्यांनी आपापल्या खोलीत जाऊन झोपायचं." मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण उठेना कुणी. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, असा अधिकार नियमात बसत नाही. गोव्याच्या सिस्टर म्हणाल्या, निदान तेवढं कडवं तरी. खऱ्या मदर कपबश्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या, आज्ञापालनाचं व्रत सांभाळत, पण चेहरा पडलेला. एवढ्यात आरामखुर्चीतलं घोरणं थांबलं. थोरल्या सिस्टरांनी चष्मा लावला, धाकटीकडे बघितलं आणि कळवळून म्हणाल्या, "अगं, पण मग मी झोपू कुठे?"