‘म्हाताऱ्यांना भाकरी-चटणी पुरे’: या मेसेजला उत्तर

टाळेबंदीतला एक मेसेज सोलापूरच्या फॅमिली ग्रुपांवर अजून फिरतो. घरात बसलेल्या म्हाताऱ्यांना भूक कमी, दोन वेळा थोडी भाकरी-चटणी पुरे. वजन उतरलं तर चांगलंच, आणि अशक्तपणा आला तर तो वयाचा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल, हिशेब मात्र चुकलाय.

‘बसून असतात, मग कमी खाल्लं तर काय बिघडलं?’ हालचाल थांबली की उष्मांकांची गरज थोडी उतरते. प्रथिनांची उतरत नाही. म्हातारपणी तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बनतात, पडून राहिलं की आणखी कमी. मार्च २०२० नंतर पासष्टीपुढच्यांना घरातच थांबायला सांगितलं होतं. कंबर तलावाकडचं फिरणं सुटलं, देवळं बंद, मंडईची पिशवी मुलाच्या हातात गेली. त्यात ताटही आटलं.

‘भाकरी-चटणीत सगळं येतं.’ ज्वारी आणि शेंगदाणा दोन्ही चांगले, माझा त्यांच्यावर राग नाही. पण मोजून बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली. ज्येष्ठांना १ ते १.२ ग्रॅम हवीत, असं अनेक तज्ज्ञांचं मत. म्हणजे संस्थेच्या आकड्यानेही ५५ किलोच्या आजीला किमान ४५ ग्रॅम. दिवसाच्या तीन मध्यम भाकरींतून साधारण १५, मूठभर शेंगदाण्याच्या चटणीतून पाच-सात. निम्म्यावरच गाडी थांबली! शिवाय ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी, ते डाळीतून भरून निघतं. कडक भाकरी कवळीला चावत नसेल तर घट्ट आमटीत कुस्करून द्या, वरचं पाणी नव्हे, तळाची डाळ वाढा. सोबत मटकीची उसळ, दही किंवा दूध, चालत असेल तर अंडं. किडनीचा आजार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

‘वजन उतरलं, बरं झालं.’ ठरवून उतरवलेलं नसेल तर ते बरं नव्हे. नकळत घटलेलं वजन, ढिली पकड, मंदावलेली चाल, थकवा आणि कमी हालचाल, यांतल्या तीन गोष्टी दिसल्या की डॉक्टर त्याला फ्रेल्टी, म्हणजे शरीर खचल्याची अवस्था, म्हणतात.

राहिला ‘वयाचा अशक्तपणा’. आजोबांना हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा, आधाराला शेजारी उभे राहा. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांतली ताकद कमी झाली असावी. डॉक्टरांना दाखवा. ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं मिळाली तर सत्तरीतही ती बरीचशी परत येते.