मे महिन्यात बाहेरून रंग: परभणीच्या पेंटर भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, तुम्हाला राग आलाय तेही कळलं, आणि तुम्ही स्वतः भिंतीवर दोरानं टांगलेल्या झुल्यावर उभं राहून काम करणारे, म्हणून दोन ओळीत उत्तर द्यावं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आपल्याकडं बाहेरचा रंग उन्हाळ्यातच होतो, पावसाच्या आत, लग्नसराईत, कमाईचे तेच दोन महिने, आणि मी मात्र अमेरिकेतल्या फिनिक्सच्या वाळवंटातल्या प्लॅस्टरच्या घरांचे दाखले देऊन मालकांना 'मे मध्ये रंग देऊ नका' म्हणायलोय, म्हणजे सरळ पेंटरच्या पोटावर पाय. शिवाय नव्या प्लॅस्टरला रंग द्यायच्या आधी २८ दिवस थांबा, फिके रंग घ्या, हे सगळं पैसेवाल्यांचं बोलणं.

आधी पोटाचं बोलू. ते मी मालकाला लिहिलं होतं भाऊ, तुम्हाला नाही. तारीख ठरवतो मालक, वास्तुशांत नाहीतर पोरीचं लग्न धरून, प्लॅस्टर ओलं असताना घाई करतो मालक, आणि दोन पावसाळ्यात पापुद्रे निघाले की फोन जातो तुम्हाला, 'काय रंग मारला हो'. परत खरवडा, परत रोलर फिरवा, तेही फुकट. हे थांबावं म्हणून तर लिहितोय. कामं दिवाळी ते होळी अशी पसरली तर वर्षभराची कमाई कमी होत नाही, उलट चाळीस डिग्रीत लटकायची वेळ येत नाही. आणि उन्हाळ्यातच रंग ही काय जुनी रीत नाही बरं का, आपल्या घरांना चुना लागायचा तो दसरा-दिवाळीच्या तोंडावर, पाऊस सरल्यावर.

आता मे मध्ये नेमकं बिघडतं काय. हवा ४३ असली तर पश्चिमेची भिंत, त्यात गडद रंगाची असली तर, ६० च्या पुढं सहज जाते. बाहेरच्या भिंतीचा रंग, एक्स्टिरिअर इमल्शन, म्हणजे पाण्यात तरंगणारे राळेचे बारीक कण, पाणी हळूहळू उडालं तर ते कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा धरतात, जशी दूध सावकाश थंड झालं तरच जाड साय येते. तापलेल्या भिंतीवर पाणी लगेच उडतं, काही भिंत पिऊन घेते, कण जुळायच्या आधीच सगळं वाळून जातं. दिसायला रंग बसलेला दिसतो, पण हात फिरवला की वर्षभरात भुकटी येते. वर रोलर ओढत नाही म्हणून डब्यात जास्तीचं पाणी पडतं, मग थर अजूनच पातळ. पावसाला आपण उगीच नावं ठेवतो, पाऊस फक्त आधीच सुटलेला रंग धुऊन नेतो.

फिनिक्सबद्दल तुम्ही म्हणालात आपलं काही वाळवंट नाही. खरंय, आणि म्हणूनच तिथलं सगळं जसंच्या तसं उचलू नका असंच माझं मत आहे. तिकडं २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता, तिथले पेंटर पहाटे सुरू करतात आणि सावलीच्या मागं मागं फिरतात, हे घेण्यासारखं. पण तिकडच्या बऱ्याच घरांना आत लाकडाचा सांगाडा आणि वर पातळ प्लॅस्टर, ऊन गेलं की भिंत लवकर निवते. आपली विटांची जाड भिंत, वर २० मिलिमीटर सँड फेस, म्हणजे वाळूचं खरबरीत प्लॅस्टर, ती दिवसभर ऊन साठवते आणि रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. म्हणून पश्चिमेची भिंत संध्याकाळी ऊन उतरलं म्हणून कधीच घ्यायची नाही, ती सकाळीच घ्यायची, रात्रभर निवालेली असते.

दुसरा फरक तर लई कामाचा आहे आणि कुणी सांगत नाही. फिनिक्सला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, कायम दक्षिणेला कललेला. आपल्याकडं मेच्या मध्याला तो बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि तिथून जुलैच्या शेवटाकडं सरकेपर्यंत उत्तरेकडून जातो. म्हणजे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. तुम्हाला मे मध्ये काम घ्यावंच लागलं तर पश्चिम पहाटे उरकायची, मग दक्षिण, आणि हवाच चाळीसच्या वर गेली की सावलीतसुद्धा ब्रश खाली. पूर्वेची भिंत दुपारनंतर निवत जाते, ती शेवटी, ऊन उतरल्यावर. तळहात भिंतीवर निवांत टेकवता येत नसेल तर रंग लावायचा नाही, एवढी साधी खूण पुरते. आणि मालकांनो, पोरं हजेरीवर असतील तर सकाळच्या कामाची हजेरी पूर्ण द्या, दुपारी दोनला माणूस झुल्यावर चढवून वाचवलेला पैसा कुणाच्या भल्याचा नाही.

२८ दिवसांचं म्हणाल तर त्यात श्रीमंती काही नाही. नवं सिमेंट प्लॅस्टर इतकं अल्कली, म्हणजे चुन्यासारखं तिखट असतं की त्याची धग रंगाला आणि रंगद्रव्याला दोन्हीला खाते, आणि आतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, भिंतीवर पांढरी बुरशीसारखी लव दिसते ती बुरशी नसते, लोणा असतो. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यामुळं हे आपल्याकडं जास्त. परत उन्हाळ्यात प्लॅस्टरवर मारायला पाणी आणायचं कुठून? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, असल्या साली भिंतीवर पाणी कोण मारणार आणि का मारावं. पाणी न मिळालेलं प्लॅस्टर पोकळ आणि भुसभुशीत राहतं, त्यावर कितीही महागडा डबा ओता.

फिक्या रंगावर मी ठाम आहे. पांढराशुभ्र नको, आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर दिसते हे तुमचं बरोबर. पण क्रीम, फिकी पिवळी, हलका गेरू हे घ्या, गेरू आणि पिवळी माती म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड, उन्हात उडत नाहीत. भडक पोपटी, जांभळा, राणी कलर या शेडमधली बरीच रंगद्रव्यं उन्हानं मरतात, तुम्ही स्वतः बघितलेलं असणार की तीच भिंत दोन उन्हाळ्यांत कशी होते.

शेवटचं तुमच्या त्या घराचं, जिथं खालचे दोन-तीन फूट फुगे येऊन सुटलेत आणि मालक पैसे अडवून बसलाय. तिथं जाड रबरासारखा वॉटरप्रूफ रंग मारा असं कुणीतरी सुचवलंय म्हणालात. मारू नका. पाणी वरून नाही, जोत्यातून येतंय, बाहेरून कोंडलं तर अजून वर चढेल. खिडकीच्या कोपऱ्यातल्या तिरप्या भेगा तर काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते त्याच्या असणार, त्या कोणत्याच रंगानं बुजत नाहीत, आधी पाया आणि बाजूचा निचरा बघावा लागेल. खालचा पट्टा खरवडून सिमेंट पेंट किंवा चुना द्या, त्यातून भिंतीचा ओलावा बाहेर जातो. पण त्याच्या आधी एक करा, भिंतीच्या खालच्या भागात फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय, प्लास्टिक काढायच्या आत मालकाला बोलावून दाखवा, आणि मग पैशाचं बोला.