फुटाला एक इंच

परवा आप्पा मिस्तरींनी माझ्याकडून अर्धा रोज घेतला. काम काय केलं, तर माझं तीन दिवसांचं काम मोडलं. आणि मी पैसे दिले. वर चहाही पाजला.

भाचा बेसबॉलचा पिचर आहे. जळगावकडे सॉफ्टबॉल पोरांना ठाऊक असतो, पण त्यातला पिचर सपाट जमिनीवरून चेंडू टाकतो. बेसबॉलमध्ये त्याला उंचवटा लागतो, म्हणजे माउंड. पुरा माउंड 18 फूट व्यासाचा. खळ्यात तेवढी जागा दिली तर ट्रॅक्टर माझ्या खाटेशेजारी उभा राहील. म्हणून 5 फूट रुंद आणि साधारण 13 फूट लांब पट्टीवर भागवलं. अर्धा ब्रास माती पुरते.

माती मात्र काळी नको. कपाशीला ती कितीही चांगली असो, पावसात फुगते आणि चैत्रात अशी फाटते की चेंडू आत जाईल. तळाची काळी माती काढून मुरूम भरा. वर चिकण माती, वाळू आणि गाळ, अंदाजे 40-40-20. वाळूची पावती घ्या, नाहीतर माउंडच्या आधी पंचनामा होतो. थर एकेक इंचाचा. मुठीत गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, इतकीच ओल. धुम्मसाला गोणपाट गुंडाळा, म्हणजे माती उचलून येत नाही. पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडा. गुळगुळीत ठेवलात तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो.

पिचर माउंडवरच्या रबरी पट्टीला पाय लावून चेंडू टाकतो. त्याचा पुढचा पाय या पट्टीपासून पाच-सहा फुटांवर आपटतो आणि खड्डा तिथेच पडतो. तिथे वीटभट्टीवरच्या कच्च्या, न भाजलेल्या विटा ओल्या करून ठोकून बसवा. हे मला भट्टीवाल्याला समजावून सांगावं लागलं. कच्च्या विटा मागणारं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नव्हतं. भाजलेल्यांचाच भाव लावला.

राहिली मापं. रबरी पट्टी 24 बाय 6 इंच. तिच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवाल्यासमोर जमिनीत बसवलेल्या पाटाच्या, मागच्या टोकापर्यंत 60 फूट 6 इंच. प्लेटच्या पुढच्या कडेपासून मोजलं की 17 इंचांचा घोळ. उंची 10 इंच, तीही प्लेटच्या पातळीपासून. पायाखालच्या जमिनीपासून मोजाल तर खळ्याचा उतार हिशेबात घुसतो. पट्टीभोवती 34 इंच लांबीचा सपाट भाग, आणि पट्टीच्या पुढे 6 इंच सोडून ढाळ सुरू. फुटाला एक इंच.

हा ढाळ आप्पांना सहन झाला नाही. ते शेजारच्या मोरीच्या कामावर होते. मी पातळी काढायला त्यांचा लेव्हल पाईप मागितला, तिथेच माझं नशीब फिरलं.

"भाऊ, हाऊ ओटा उतरता कसाले शे?"

ओटा नाही आप्पा, माउंड आहे, मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ द्या. पन ढाळ कितला?"

फुटाला एक इंच.

आप्पांनी तंबाखू थुंकली. "इतला ढाळ ते मोरीले बी नही देतस!" मोरीला फुटाला पाव इंच, गच्चीला त्याहून कमी, हे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. मग डोकं कलतं करून बराच वेळ पाहत राहिले. इतक्या दुःखाने कुणी माझ्याकडे पाहिलेलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "कोन्ता मिस्तरीनं करं?"

मी केलं.

"तरीच."

त्या "तरीच"चा राग अजून गेलेला नाही.

अमेरिकेत 1968 साली पिचर फारच भारी पडले. बॉब गिब्सन या पिचरची सरासरी, म्हणजे नऊ डावांमागे त्याच्यावर निघालेल्या धावा, 1.12 होती. तेव्हा पुढच्या वर्षी माउंडची उंची 15 इंचांवरून 10 वर आणली. पाच इंच कमी करायला तिथे अख्खा हंगाम गेला आणि नियम बदलावे लागले. मी दुपारी दोन वाजता चोपड्याला गेलो आणि पाचला परत आलो. तेवढ्या वेळात आप्पांनी पुढच्या उतारावर माती चढवून, मागची छाटून सगळं एका पातळीत आणलं होतं. कच्च्या विटा उकरून एका बाजूला रचल्या होत्या, "पोऱ्यांनी इसरेल दिसतात" म्हणून. वर पाणी मारून, थापी फिरवून चकाकी आणली होती.

"सरळ करी टाकं," ते म्हणाले. "आते वरतून कोबा करी टाकसू."

कोब्यावर खिळ्यांचे बूट घालून पोरगा उभा राहिला तर घसरून थेट होम प्लेटवर जाईल, हे मी सांगायला हवं होतं. पण आवाज फुटेना. या गल्लीत आपण काय बांधतोय हे कुणी विचारत नाही, फक्त सुधारून देतात. दारात रांगोळी काढली तर तीही कुणीतरी सरळ करून जाईल. मातीचे पैसे माझे, पाणी माझं, टँकरही माझाच.

संध्याकाळी काकूंनी त्या ओट्यावर कुरडया घातल्या. छान वाळल्या म्हणे.

आता सगळं खरवडून पुन्हा थर द्यायचे आहेत. मधल्या काळात माती वाळून तडकू नये म्हणून रोज पाणी शिंपडून ताडपत्री टाकतो. उद्या सकाळी आप्पा येतायत. लेव्हल पाईप त्यांच्याकडेच आहे.