तीन तास वाचणार, पण कोणाचे?

गोदापार्कवर सकाळी फिरायला गेले की आमच्या गटातील एक गृहस्थ मोबाईल पुढे करतात आणि ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमाने परत येणार असल्याची वार्ता अशा थाटात देतात, जणू तिकीट त्यांच्या खिशातच आहे. आवाजाचे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले: "अहो, ध्वनीची भिंत ओलांडताना एकदाच काय तो दणका!" एकदाच? किती वेळा सांगायचे, की विमान त्या वेगात असेपर्यंत तो दणका जमिनीवरून त्याच्यामागे फरफटत येतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला आपला वाटा देत जातो? १९६४ मध्ये अमेरिकेने ओक्लाहोमा सिटीच्या रहिवाशांवर सहा महिन्यांत बाराशेहून अधिक दणके आदळून पाहिले. काचा फुटल्या, तक्रारींचा पाऊस पडला आणि १९७३ मध्ये जमिनीवरून अशा नागरी उड्डाणांना तिथे बंदी आली. ध्वनीपेक्षा वेगवान असलेले जुने प्रवासी विमान काँकॉर्ड पूर्ण वेगाने समुद्रावरूनच धावत असे, ते काय लाटा पाहण्याच्या हौसेने? आता म्हणे नासाचे एक्स-५९ हे प्रायोगिक विमान मोटारीचे दार आपटल्याइतकाच 'हलका' आवाज करणार. हलका! आमच्या सोसायटीत रात्री अकराला कोणी खरेच दार आपटले, तर हेच गृहस्थ बनियनवर खाली उतरून वॉचमनला धारेवर धरतात. मग आकाशातून दिवसाला वीस दारे आपटलेली यांना चालतील? आणि लंडनला तीन तास लवकर पोहोचण्याची एवढी घाई असलेल्या या माणसाला, नाशिकहून मुंबईचा विमानतळ गाठताना कसारा घाटात जाणारे तास मात्र कधीच कसे दिसत नाहीत?