‘पॅडल बदला आणि मोकळे व्हा’ या प्रतिक्रियेला उत्तर

ट्रकच्या इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पॅडलच्या तपासणीवर मी लिहिलं होतं: अशा बऱ्याच पॅडलमधून दोन वेगळे व्होल्टेज सिग्नल ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, जातात. त्यावरच्या तुमच्या प्रतिक्रियेत तीन मुद्दे आहेत. पहिला, पॅडलचा कपलर (वायरिंगचा जोड) काढून मीटर लावला तर दोन्ही सप्लायला ५ व्होल्ट मिळाले, म्हणजे वायरिंग ठीक. दुसरा, पी २१३८ हा फॉल्ट कोड आला की पॅडल गेलं. दहा मिनिटांत बदलून होतं, एवढं मोजत बसायचं कशाला? तिसरा, ‘दुसरा सिग्नल पहिल्याच्या निम्मा असतो’ हे माझं वाक्य चूक आहे, कारण तुमच्या दुसऱ्या ट्रकला दुसरा सिग्नलच नाही.

तिसरा मुद्दा सरळ मान्य. निम्म्याचं गणित बऱ्याच पॅडलना लागू आहे, सगळ्यांना नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

पहिल्या मुद्द्यातच खरी मेख आहे. कपलर काढला की त्या वायरमधून करंट वाहणं थांबतं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे वायरचे सगळे तार तुटून एकच शिल्लक असला, किंवा पिनवर हिरवा गंज चढला असला, तरी मीटर ऐटीत ५ व्होल्ट दाखवतो. शिवाय तुम्ही फक्त सप्लाय पाहिलात. सहा वायरच्या पॅडलमध्ये दोन सप्लाय, दोन अर्थिंग आणि दोन सिग्नल असतात, आणि पी २१३८ मध्ये मी सर्वात आधी संशय घेतो तो अर्थिंगवर.

का, ते आकड्यांत पाहा. पॅडल सोडलेलं असताना पहिला सिग्नल ०.७५ आणि दुसरा ०.३७ व्होल्टच्या आसपास, पूर्ण दाबल्यावर साधारण ३.८ आणि १.९, असं एक नेहमी दिसणारं पॅडल घ्या. दुसऱ्या ट्रॅकचा (दुसरा सिग्नल देणाऱ्या पट्टीचा) रेझिस्टन्स २ किलोओहम आहे असं धरा. त्याच्या अर्थिंगच्या पिनवर गंजामुळे २०० ओहमची भर पडली, तर तेवढ्यातच सुमारे ०.४५ व्होल्ट अडकतात. मग पॅडल सोडलेलं असतानाच दुसरा सिग्नल ०.३७ ऐवजी ०.७९ दाखवतो, पहिल्यापेक्षाही जास्त! ईसीयूला जमायला हवा होता निम्मा हिशोब. तो जमत नाही म्हणून पी २१३८ पडतो, इंजिन लिम्प मोडमध्ये (ताकद कापलेल्या अवस्थेत) जातं आणि ड्रायव्हर म्हणतो गाडी रेस घेत नाही. या सगळ्यात पॅडल शंभर टक्के चांगलं आहे. पी २१३८ एवढंच सांगतो की दोन सिग्नल एकमेकांशी जुळत नाहीत. कोण खोटं बोलतंय ते तो सांगत नाही.

‘पण नवीन पॅडल लावल्यावर गाडी नीट झाली’ असं तुम्ही म्हणाल. होते ना. कपलर काढून परत लावताना पिना एकमेकींवर घासल्या जातात आणि वरचा गंज खरवडला जातो. जुनंच पॅडल काढून परत बसवलं असतं तरी तेच झालं असतं. चार दिवसांनी किंवा केबिन धुतल्यावर पुन्हा चेक लाइट लागली, की नवीन पॅडलला शिव्या बसतात. आणि इलेक्ट्रिकचा माल दुकानदार सहसा परत घेत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून मोजणी कपलर लावूनच करा. हँडब्रेक ओढा, चाकाला गुटका लावा, चावी ऑन, इंजिन बंद. कपलरच्या मागून, वायरच्या रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा. वायरचं इन्सुलेशन टोचू नका, पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरतं. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून आधी दोन्ही अर्थिंग मोजा. ०.१ व्होल्टच्या वर गेलं की पुढे जायची गरज नाही, दोष सापडला. मग दोन्ही सप्लाय: दोन्हीकडे ५ च्या अगदी जवळ. त्यानंतरच सिग्नल.

सिग्नल पाहताना पॅडल दहा-पंधरा सेकंद घेऊन सावकाश दाबा आणि तितक्याच सावकाश सोडा. स्कॅनरवर (ईसीयूचे कोड आणि आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहत असाल तर यादीत फक्त पॅडलचे दोन आकडे ठेवा. वीस ओळी निवडल्या की स्कॅनर इतका हळू होतो की मधला झटका दिसतच नाही. घासणाऱ्या कार्बन ट्रॅकचं पॅडल असेल तर खराब जागा बहुधा तिथेच सापडते जिथे ड्रायव्हरचा पाय हायवेवर तासन् तास स्थिर असतो. मीटरला मिन-मॅक्स (सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा धरून ठेवायची सोय) असेल तर तो लावा. हॉल सेन्सरच्या (चुंबकावर चालणाऱ्या) पॅडलला ट्रॅकच नसतो, त्याला ओहमवर तपासून काहीच कळत नाही.

उभ्या गाडीत सगळं बरोबर आलं, तर मीटर तसाच ठेवून वायरिंग हलवायला दुसरा माणूस घ्या. ज्या ट्रकची केबिन पुढे कलते, त्यात बिजागरीजवळ वायरिंग दर वेळी दुमडतं. बाहेरून स्लीव्ह छान, आत तार तुटलेले. तिथला संशय पक्का करायचा तर ती वायर दोन्ही टोकांना सोडवा, ईसीयूच्या बाजूनेसुद्धा, आणि तिच्यातून २४ व्होल्टचा ५ वॉटचा बल्ब पेटवून बघा. ईसीयू जोडलेला असताना हा प्रयोग चुकूनही नको.

कोड वाचतानाही थोडा विचार करा. पी २१२२ आणि पी २१२७ (पहिला आणि दुसरा सिग्नल कमी असल्याचे कोड) दोन्ही एकदम आले, तर दोन स्वतंत्र ट्रॅक एकाच क्षणी मेले हे पटण्यासारखं नाही. कपलर निघालाय का ते बघा, नाहीतर ५ व्होल्टची लाइन कुणीतरी खाली ओढतंय. काही ईसीयूंमध्ये हीच लाइन इतर सेन्सरनाही जाते. ते एकेक करून सोडवा, व्होल्टेज परत वर आलं की चोर सापडला. ट्रकच्या कोडमध्ये एसपीएन (कोणता भाग) ९१, म्हणजे पॅडल, सोबत एफएमआय (बिघाडाचा प्रकार) ३ असेल तर सिग्नल जास्त, ४ असेल तर कमी, २ असेल तर अस्थिर. अर्थिंग पूर्ण तुटलं की सिग्नल वर उडतो, सप्लाय तुटला की खाली बसतो.

आणि स्कॅनरवर पॅडल ० ते १०० टक्के व्यवस्थित जात असेल, तरी गाडी ओढत नसेल, तर पॅडलचा नाद सोडा. ब्रेक स्विच अडकला असेल, तर ईसीयूला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. बीएस ६ गाडीत धूर साफ करणाऱ्या युरियाच्या सिस्टिममध्ये दोष असला तरी ताकद कापली जाते. डिझेल फिल्टर चोंदलेला असू शकतो.

आता तुमचा दुसरा ट्रक. त्याला एक पोटेन्शिओमीटर (पॅडलबरोबर बदलणारा रेझिस्टन्स) आणि जोडीला आयडल स्विच (पॅडल सोडलेलं आहे हे सांगणारा) आहे. तिथे व्होल्टची तुलना नाही, वेळेची आहे: पॅडल किंचित हललं की सिग्नल चढायला लागतो आणि त्याच सुमारास स्विचने बाजू बदलायला हवी. सिग्नल बराच वर गेला तरी स्विच ‘आयडल’च म्हणत असेल, तर ईसीयू रेस देत नाही आणि एसपीएन ५५८ चा कोड टाकतो. कपलर काढून स्विच ओहमवर तपासता येतो. पॅडल बदललंच, तर काही मॉडेलना चावी ऑन ठेवून ते सावकाश पूर्ण दाबून सोडावं लागतं, तेव्हाच ईसीयू नव्या पॅडलची दोन टोकं शिकतो. तुमच्या मॉडेलची पद्धत सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा.

पहिल्या ट्रकचं पॅडल अजून मागवलं नसेल तर थांबा. कपलर लावून दोन्ही अर्थिंगचे आकडे आणि पॅडल सोडलेलं असतानाचे दोन सिग्नल इथेच लिहा, मग पुढचं बघू.