जजला आवडेल तसं कुत्रं घडवायचं का?

गेली दोन वर्षं रोज रात्री जेवणं आटोपली की मी मोबाईलवर डॉग शोचा गेम खेळतो. इंदिरानगरातल्या आमच्या दोन खोल्यांत खरा कुत्रा पाळायला जागा नाही. गेममध्ये मात्र माझे अकरा कारवान हाउंड आहेत आणि माझा त्यांच्यावर जीव आहे.

या गेममध्ये प्रत्येक जजची आवड ठरलेली असते, पण ती कुठे लिहिलेली नसते. कुणी डोक्याच्या ठेवणीवर गुण देतो, कुणी चालीवर, कुणी केसांवर. हरत-जिंकत ती ओळखायची. मी त्यासाठी दोनशेपानी वही घातलीय. माझी 'वीज' एका जजकडे लागोपाठ सात वेळा हरली. वही चाळली तर सातही वेळा तिच्या पुढे गेलेल्या कुत्र्यांची कंबर अगदी बारीक, पोट आत ओढलेलं.

यावर बरेच खेळाडू चिडतात, जज पार्शालिटी करतो म्हणतात. मला ते पटत नाही. खऱ्या रिंगमध्येही जज प्रत्येक कुत्रं त्याच्या जातीच्या स्टँडर्डशी, म्हणजे त्या जातीचं कुत्रं कसं असावं याच्या ठरलेल्या वर्णनाशी, ताडून बघतो, आणि स्टँडर्ड शेवटी शब्दांत लिहिलेलं असतं. लॅब्राडॉर नराची उंची ५६ ते ५७ सेंटिमीटर, हे टेपने मोजता येतं. त्याच्या डोळ्यांत हुशारी आणि चांगला स्वभाव दिसावा, हे कशाने मोजणार? तिथे जजची नजर आलीच. ती येऊ द्यावी.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे, आणि चूक मी स्वतः केलीय. त्या एका जजसाठी मी वीजची पिलं घडवायला लागलो. चार पिढ्या घरातल्या घरातच जोड्या लावल्या. बक्षिसं भरपूर आली. मग त्या जजची पाळी संपली, चाल बघणारा नवा जज आला आणि माझी सगळी कुत्री पहिल्याच फेरीत बाहेर. हरल्याचं एवढं वाटलं नाही. पण रात्री वीजच्या पणतीचं पान उघडलं तर मागच्या पायांची पट्टी लाल, शंभरात तेवीस. हे मी केलं होतं.

खेळच आहे, सोडून दे, असं मित्र म्हणतात. पण खऱ्या जगातही हेच झालंय. २०१२ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स या डॉग शोमध्ये, तब्येतीच्या तक्रारी जास्त असलेल्या पंधरा जातींच्या विजेत्यांची पशुवैद्यांकडून तपासणी सक्तीची केली. सहा जातींचे विजेते त्यात नापास झाले. बुलडॉग होता, पेकिंगीज होता. जजने पहिला नंबर दिलेलं कुत्रं डॉक्टरने अडवलं! हे एका जजचं काम नव्हे. पिढ्यान् पिढ्या रिंगमध्ये जे आवडत गेलं तेच लोक वाढवत गेले.

सिन्नरजवळ मामांच्या मळ्यावर कारवान होता. मामा पिल्लू निवडताना त्याला आधी बांधावर पळवून बघायचे. ढेकळांतून पळताना पिल्लाचे मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात का, एवढंच वाकून निरखायचे. रंग, कान, शेपूट सगळं नंतर.

म्हणून गेम बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. जजची आवड खुशाल लपवून ठेवा, पण आधी पाय आणि श्वास तपासा, त्यात जो पास होईल त्यालाच जजपुढे उभं करा. आणि खेळणाऱ्यांनो, आपल्या कुत्र्याला साजेसा जज शोधा, वेळ लागला तरी चालेल. जजसाठी कुत्रं बदलू नका.

वीज आता म्हातारी झालीय, गेमच्या हिशेबाने तिची एकच वीण उरलीय. काल रात्री नाशिकरोडच्या एका खेळाडूचा नर मागून घेतला. दोघांचं सात पिढ्यांत कुठेच नातं नाही. कंबर जाड आहे, त्या जुन्या जजने त्याला तिसरा नंबरसुद्धा दिला नसता. चाल ८१. पिलं गुरुवारी येतील.